‘अँग्री’च्या पुढे काय लागतं

मेघाचं पत्र मला गेल्या फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ‘दिलं नाही’ हे जरा ताठ वाटतं. मी ताठ माणूस नाही. मी उत्तर एकोणीस वेळा लिहायला घेतलं आणि एकोणीस वेळा पहिल्या ओळीत अडलो, एवढंच.

पत्र कॅनडाहून आलं होतं. पाकिटावर माझं नाव आणि आमच्या गावच्या वाचनालयाचा पत्ता. मला तिथून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सिंदीत ‘ग्रंथपाल’ म्हटलं की पोस्टमन माझ्याच फाटकाशी येतो. मेघा ही माझ्या मित्राची, मोतीलालची नात. तिचा जन्म तिकडचाच. मराठी मोडकंतोडकं बोलते, वाचता मुळीच येत नाही. म्हणून पत्र इंग्रजीत होतं, आठ ओळींचं. तिने लिहिलं होतं की शेवटच्या रविवारी फोनवर तिने आजोबांना एक गोष्ट सांगितली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. फोन बंद झाला आणि दोन दिवसांनी ते गेले. तुम्ही दर रविवारी त्यांच्याजवळ असायचात. ते माझ्यावर रागावले होते का?

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. जगात फक्त मलाच ठाऊक होतं, हीच अडचण.

मोतीलाल जिनिंग फॅक्टरीत तोलाईचं काम करून निवृत्त झालेला. बायको गेलेली, मुलगा कॅनडात, घरी एकटा. शेवटची दोन वर्षं तो ठार बहिरा झाला होता. गावात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो आधीपासूनच कुणाचं ऐकत नसे. मुलाला कळलं तर तो आपल्याला उचलून तिकडच्या बर्फात नेऊन ठेवील, अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याने मला शपथ घातली होती. “लक्ष्मणराव, माह्या कानाची गोष्ट तुमच्या तोंडातून निंगाली तं मेल्यावरही बोलणार नाई तुमच्याशी.” मी शपथ पाळली. तरीही तो बोलत नाही, ही गोष्ट वेगळी.

दर रविवारी सकाळी मेघाचा फोन यायचा. मोतीलाल फोन स्पीकरवर ठेवी, मी समोर बसे. मी हनुवटी हलवली की तो म्हणे, “हो बेटा.” मी पोटावर हात ठेवला की, “जेवलो बेटा.” हात जोडले की, “बरं, ठेवतो मंग.” दोन वर्षं हा कारभार आम्ही बिनबोभाट चालवला. आयुष्यात मी दोन वर्षं सलग निर्दोष केलेलं हे एकमेव काम. त्यातही शेवटी घोटाळा झालाच, पण ते पुढे येईल.

तेव्हा उत्तर लिहायचं तर ते मला एकट्यालाच, कुणालाही न दाखवता, आणि इंग्रजीतून लिहायचं होतं. आता माझ्या इंग्रजीबद्दल. चाळीस वर्षं मी इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी केल्या. नाव, लेखक, पानं, किंमत. नोंदीत वाक्य नसतं. त्यामुळे मला इंग्रजी येतं की नाही हे मला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं.

ते फेब्रुवारीत कळलं. ‘आय ॲम सॉरी’ इथवर हात भरभर चालला. मग थांबला. सॉरी ऑफ? सॉरी फॉर? सॉरी ॲट? मी शब्दकोश काढला. त्यात सॉरीच्या पुढे दोन-तीन तऱ्हा दिल्या होत्या, प्रत्येकीचं कारण वेगळं, आणि मला ज्या कारणासाठी सॉरी व्हायचं होतं ते त्यात नव्हतं. शब्द मोठा असला तर मी घाबरत नाही. मोठा शब्द कोशात सापडतो. पण ही शेपटं. एक ‘गुड’ घ्या. गुड ॲट, गुड फॉर, गुड टू, गुड विथ. मोतीलाल मला काय होता हे लिहायला बसलो, तर यातलं कोणतंही शेपूट लावलं तरी वाक्य खरं वाटे. त्या दिवशी मी कागद मिटून ठेवला आणि कोशही.

मार्चमध्ये शेजारच्या भैय्याजींना विचारलं. भैय्याजी तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. साहेबांच्या इंग्रजी शेऱ्यांवर त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. मी पत्राचं काही सांगितलं नाही.

“काय लिहून राह्यले सकाळपासून?” त्यांनी कुंपणावरून विचारलं.

“शब्दकोडं सोडवतो आहे. भैय्याजी, अँग्रीच्या पुढे काय लागतं हो?”

“सोपं हाय. मराठी पाहाचं अन् शेपूट लावाचं. ‘चा’ म्हंजे ऑफ. ‘ले’ म्हंजे टू. ‘वर’ म्हंजे ऑन. माणूस रागावते कोणावर? बायकोवर. म्हणून अँग्री ऑन वाइफ.”

“आणि अफ्रेड?”

“भेते कायले? सापाले. अफ्रेड टू स्नेक.”

“पण कोशात तर अफ्रेड ऑफ दिलंय.”

भैय्याजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “कोश लिहिणाऱ्यानं साप पाह्यला होता का कधी?”

मला वादात नेहमी दुसऱ्याचंच पटतं, मग घरी आल्यावर माझं मला पटतं, आणि रात्री झोपताना दोन्ही पटेनासं होतं.

पावसाळ्यात माझी बायको छाया हिने कंटाळून भाचीच्या फोनवर पत्र लिहून घेतलं. फोनला फक्त सांगायचं, कुणी वारलंय, पत्र हवं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्र तयार. सुरेख होतं. त्यात शोकसागर होता, आठवणींचा ठेवा होता, कठीण काळ होता. मोतीलाल तेवढा नव्हता.

“अहो, पाठवून द्या ना हेच,” छाया म्हणाली. “पोरीने काय विचारलं आहे असं की तुम्ही इतके महिने कागद चावून राह्यले?”

“काही नाही. सहज चौकशी आहे.”

“मग फोन करा. नंबर दिलाय तिने.”

फोनवर मी स्वतःच्या मुलीशीसुद्धा ‘बरं आहे, ठेवतो’ याच्यापलीकडे गेलेलो नाही. शिवाय पत्राला पत्रानेच उत्तर द्यावं असं माझं मत आहे. हे मत मी अकरा महिने धरून बसलो. दुसरं काही धरता येत नसलं की माणूस मत धरतो.

शेवटी जानेवारीत भैय्याजींनीच एक कागद आणून दिला. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघे इथे ‘गगनझेप इंग्लिश स्पीकिंग क्लास’. वयाची अट नाही. “जाऊन या,” ते म्हणाले, “पण तेथचं शिकून मले खोटं पाडाले येऊ नका.”

मी आदल्या दिवशी माझी अडलेली वाक्यं एका कागदावर उतरवली. नावं गाळली, शेपटाच्या जागा मोकळ्या ठेवल्या. कुणी पाहिलं तर शाळेतल्या गाळलेल्या जागा वाटाव्यात. असा बंदोबस्त करून मी रविवारी पांढरा सदरा-पायजमा घातला, खांद्याला पिशवी लावली आणि पॅसेंजरने वर्ध्याला निघालो. आमची सिंदी रेल्वे, ती सिंदी मेघे; म्हणजे सिंदीहून निघून सिंदीला जायचं होतं. वर्ध्यात ऑटोवाल्याला मी हे इतकं समजावून सांगितलं की तो म्हणाला, “काका, तुमी बसा फक्त.”

क्लासच्या दारात रांगोळी होती. मला वाटलं, नव्या विद्यार्थ्यांसाठी असेल. कोट घातलेला एक तरुण धावत आला. हे अंकुश सर.

“सिंदी रेल्वेहून ना, सर?”

“हो.”

तो माझ्या पाया पडला. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या पाया पडणं ही नवी पद्धत असावी असं समजून मी गोंधळून आशीर्वाद दिला.

“मला जरा एक विचारायचं होतं…”

“सगळी तयारी झाली आहे सर. तुम्ही फक्त बसा.”

एका दिवसात दोघांनी मला फक्त बसायला सांगितलं. मी बसलो. खुर्चीला पांढरा टॉवेल होता आणि मागे ‘वर्धापन दिन’ असा फलक. समोर साठेक मुलंमुली आणि शेवटच्या बाकावर पन्नाशीच्या एक बाई. मग माझ्या कपाळाला गंध लागलं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. क्लासमध्ये नाव घातल्याचं एवढं कौतुक मी कुठे पाहिलं नव्हतं. ‘प्रमुख पाहुणे’ हा शब्द माझ्या कानावर पडला तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

इथे एखाद्या धीट माणसाने उठून सांगितलं असतं की गैरसमज झालाय. मी उठलो तेही त्याचसाठी. पण मी उठताच टाळ्या झाल्या आणि टाळ्यांनंतर खरं बोलणं मला कधी जमलेलं नाही. हात खिशात गेला. तिथे गाळलेल्या जागांचा कागद होता.

“सॉरी,” मी वाचलं. “याच्या पुढे काय लागतं?”

मग एकदम हात वर झाले. “फॉर, सर.” “अबाउट, सर.”

अंकुश सरांचा चेहरा उजळला. “सर भाषण देत नाहीत, परीक्षा घेताहेत,” ते सर्वांना म्हणाले. “माणसाची कीव आली तर फॉर, घडल्या गोष्टीबद्दल अबाउट. करेक्ट ना सर?”

“करेक्ट,” मी म्हणालो आणि पेन्सिलीने लिहून घेतलं. “अफ्रेड?”

“ऑफ,” सगळे एका सुरात. भैय्याजी त्या वेळी सिंदीला घरी निवांत असतील, या विचाराने मला वाईट वाटलं.

“प्राऊड?” “ऑफ.” “हॅपी?” इथे गलका झाला. विथ, अबाउट, फॉर. एकाने ‘हॅपी बर्थडे’ सांगितलं. मी घाईघाईने तिन्ही टिपले. मला आयुष्यात पहिल्यांदा भाषण जमत होतं.

“अँग्री?”

विथ, ॲट, ऑन. मागून कुणीतरी फ्रॉमही म्हणालं. दोन बाकांत जुंपली. अंकुश सरांनी हात वर करून निवाडा दिला. “माणूस असेल तर विथ. गोष्ट असेल तर अबाउट. ऑन तर कधीच नाही. सर, बरोबर?”

मला अडलं होतं ते याच्याही पुढचं. मी विचारलं, “आणि रागावणारा माणूस मेला असेल तर?”

अंकुश सर कोटाचं बटण लावत म्हणाले, “हा प्रश्न परीक्षेत येत नाही, सर.”

नेमकं तेव्हाच दारात एक उंच गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्याला पिशवी. सिंदीचेच निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, फोनवरूनच, आणि त्यांची पॅसेंजर चुकली होती. अंकुश सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आपल्याकडच्या समारंभाची एक सोय आहे. त्यात प्रमुख पाहुण्याखेरीज एक अध्यक्षही असतो. मला दोन मिनिटांत अध्यक्ष करण्यात आलं.

पण शाल एकच होती. अंकुश सर माझ्या मागे येऊन हळूच म्हणाले, “सर, गरम होत असेल ना?” जानेवारी होता. “हो,” मी म्हणालो. शाल माझ्या खांद्यावरून उतरली, खुर्चीमागे घडी झाली आणि पुन्हा टाळ्यांच्या गजरात मुख्याध्यापकांच्या खांद्यावर गेली. नारळ माझ्याकडेच राहिला. तो परत मागायचा त्यांना धीर झाला नसावा. मी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून अध्यक्षाला शोभेल असं बसलो. मुख्याध्यापक पंचेचाळीस मिनिटं बोलले. त्यांनी कुणालाही काहीही विचारलं नाही.

कार्यक्रम संपला. मी मागच्या पायरीवर येऊन बसलो. शेवटच्या बाकावरच्या बाई चिवड्याच्या दोन कागदी ताटल्या घेऊन आल्या आणि एक माझ्यापुढे धरली.

“तुमी पाव्हणे नाई ना?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मले तवाच समजलं.”

“कशावरून?”

“पाव्हणा सांगते. लिहून घेत नाई.”

त्यांचं नाव गोपिकाबाई. गावाच्या कडेला त्यांची भाजीची वाडी. नातवाच्या शाळेत मॅडम इंग्रजीतच बोलतात आणि या नुसत्या मान हलवून येतात, म्हणून त्यांनी नाव घातलेलं.

“मी तं तो बारका शब्द आला का आवाज बारीक करते,” त्या म्हणाल्या. “मॅडमले वाटते, बरोबरच म्हणली असन. तुमचं काय काम अडलं?”

अनोळखी माणसाला मी वेळसुद्धा विचारत नाही. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कपाळाला गंध होतं, मांडीवर नारळ होता, अब्रू जाण्यासारखी उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. मोतीलालचे कान, शपथ, हनुवटी, पोट, हात जोडणं. आणि तो शेवटचा रविवारही. मेघाने त्या दिवशी सांगितलं होतं की तिने इंजिनिअरिंग सोडलं आणि ती एका बेकरीत पाव भाजायला लागली. मग तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, “आजोबा, तुम्हाला माझा राग आला?” मोतीलाल माझ्याकडे पाहत होता. आणि मी नुसता बसून राहिलो.

“काऊन?” गोपिकाबाईंनी विचारलं.

“त्या प्रश्नाची खूण आमच्यात ठरलेली नव्हती.”

त्या चिवडा खायच्या थांबल्या.

“पोरगी दोनदा ‘आजोबा’ म्हणाली. मग फोन बंद झाला. मी नंतर मोतीलालला कागदावर सगळं लिहून दाखवलं. तो हसला. म्हणाला, ‘इंजिनेर इथं घरोघरी पडले हायेत. पाव तं माणसाले रोज लागते. रईवारी सांगतो तिले, आजा खुश हाय म्हणून.’ मंगळवारी तो गेला.”

“म्हंजे तुमाले उत्तर येते.”

“येतं. पण इंग्रजीतून… आणि शपथ…”

“त्या बुढ्याले आता त्याचा पोरगा कोठं उचलून नेणार हाय?”

हे अकरा महिन्यांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वाचलेल्या पुस्तकांची संख्या इथे सांगत नाही.

“अन् तुमी बसून राह्यले, हे लिहिलं का कागदावर?”

मी कागद काढून पाहिला. सॉरी होतं, अँग्री होतं, हॅपी तीन तऱ्हेचं होतं. ते नव्हतं. एकोणीस वेळा लिहायला घेतलेल्या पत्रांपैकी एकातही नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

“मंग कायचे शब्द विचारत फिरून राह्यले?” त्या म्हणाल्या आणि ताटली चुरगाळून उठल्या. जाताना नारळाकडे पाहून म्हणाल्या, “हे घरी नेजा. शालीवानी कोणी मांगाच्या आत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसलो. छायाने चहा ठेवला, काही विचारलं नाही. मी पहिल्यांदा लिहिलं की तुझे आजोबा बहिरे झाले होते. मग लिहिलं की ते मला माहीत होतं आणि मी लपवलं. मग त्या रविवारी काय झालं ते. तू विचारलंस, त्यांना ऐकू आलं नाही, मला आलं, मी हात हलवला नाही. या वाक्यांना शेपूट लागत नव्हतं, कारण त्यांत सॉरी, अँग्रीसारखं विशेषणच नव्हतं. मग ‘ही वॉज नॉट अँग्री’ असं लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी अंकुश सरांचा निवाडा शोधायला कागद उचलला. पण पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की पूर्णविराम मी आधीच देऊन टाकला होता. तो तसाच राहू दिला.

पुढे मोतीलालचं पाव आणि इंजिनिअरचं वाक्य घातलं. ते इंग्रजीत तितकं हसरं होत नाही, पण तिला त्याचा आवाज माहीत आहे. ‘ही वॉज हॅपी’च्या पुढे तिन्हींतला एक डोळे मिटून निवडला. चुकला असेल. मोतीलालने नुसतं ‘खुश’ म्हटलं होतं, त्याला काय माहीत.

छायाला मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत. तिने रिकामा कप उचलला. मग म्हणाली, “म्हणजे मी दोन वर्षं त्या माणसाला ओरडून ओरडून ‘भाऊजी, चहा घ्या’ म्हणत होते, आणि मला वाटायचं, त्यांना चहा नको असतो.”

पोस्टात काउंटरवर वर्षाली नावाची मुलगी असते. तिने पाकीट तोललं आणि कॅनडाच्या पत्त्यातल्या पिनकोडमध्ये अक्षरं कशी, असं मी विचारायच्या आत “त्यांचं तसंच असते काका,” म्हणाली. आत काय आहे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, उत्तर आहे. तिने ‘पत्र’ असं लिहून घेतलं. माझा फोन नंबर विचारला, तो मला आठवला नाही, घरी फोन करून विचारावा तर नंबर घरचाच, असा थोडा गोंधळ झाला. तो पिशवीतल्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला.

तिने शिक्का मारला आणि मला एकदम त्या ‘हॅपी’च्या पुढच्या शब्दाची शंका आली.

“जरा परत देता का? एक शब्द पाहायचा होता.”

“शिक्का पडला काका.”

“हो का.”

“पोचाले पंधरा-वीस दिवस लागतीन,” ती म्हणाली. “घाईचं होतं का?”

“अकरा महिने तर मीच लावले,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, पाकीट मागच्या थैलीत टाकलं आणि पुढच्या माणसाला म्हणाली, “बोला.”